हवा खाणारी गाडी

भाऊजींना फोन करायचा नाही, एवढंच धाकट्या जावयांनी ठरवलं होतं. निर्णय तसा लहान होता. फक्त तो त्यांनी भर चौकात, सिग्नल हिरवा झालेला असताना आणि मागच्या झाडून सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत असताना घेतला होता.

गाडी पुन्हा बंद पडली होती. रस्त्याला लागली की ती शहाण्यासारखी धावायची. पण सिग्नलला थांबली रे थांबली, की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायला लागायची. आरसा थरथरायचा, बायकोच्या मांडीवरची पर्स थरथरायची, मग दोन गचके आणि सगळं शांत.

"भाऊजींना विचारू का?" मागच्या हॉर्नच्या गदारोळात बायको म्हणाली.

भाऊजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सासरचे थोरले जावई. नोकरी विमा कंपनीत, पण सासरी नळ गळायला लागला, पंखा कुरकुरला, दाराची कडी बसेनाशी झाली की बोलावणं त्यांनाच. ते पांढरा शर्ट घालून यायचे, काम करून जायचे, आणि जातानाही शर्ट पांढराच असायचा. धाकटे जावई छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण सासरी छापील असं काही बिघडतच नसे. त्यामुळे भाऊजी माळ्यावर चढलेले असताना खाली सोफ्यावर बसून राहायचं, आणि "थोरल्यांच्या हाताला गुण आहे हो" हे सासूबाईंचं वाक्य हसतमुखाने ऐकायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला यायचं.

एकाच बाबतीत ते वरचढ ठरले होते. नजर कमी झाल्यावर सासऱ्यांनी आपली लाडकी गाडी त्यांना दिली होती. (भाऊजींकडे आधीच नवी गाडी होती म्हणून दिली, हा तपशील धाकटे जावई कुणाला सांगत नसत.) आणि आता तेच सासरे फोनवर म्हणाले होते, "झेपत नसेल तर थोरल्यांकडे देऊन टाका. त्यांचा हात लागला की होईल सुरळीत." शिवाय रविवारी सासऱ्यांच्या जुन्या कचेरीतल्या मित्रांचा मेळावा होता, आणि तिथे त्यांना आपल्याच गाडीतून उतरायचं होतं.

शनिवारी दुपारी धाकट्या जावयांनी बोनेट उघडलं. आत काय काय असतं याची त्यांना फारशी कल्पना नव्हती, म्हणून त्यांनी इंजिन मुद्रितासारखं वाचायला घेतलं. डावीकडून उजवीकडे, ओळीने, एकही जागा न सोडता. प्लग काढून पुसले, परत बसवले. फिल्टर झटकला, तेव्हा उडालेली धूळ बरीचशी त्यांच्याच नाकात गेली. गाडी सुरू केली, ती पहिल्यासारखीच थरथरली. शेवटी इंजिन चालू ठेवून ते कान लावून उभे राहिले, तेव्हा कुठूनशी बारीक फुसफुस ऐकू आली. कार्ब्युरेटरच्या खालून निघालेला बोटाएवढा जाड रबरी पाइप होता, आणि त्याच्या टोकाशी स्वल्पविरामाएवढी चीर होती. तिथून गाडी नको ती हवा आत ओढत होती.

त्यांनी चिरलेलं टोक कापलं, पाइप पुन्हा घट्ट बसवला आणि गाडी सुरू केली. आरसा हलला नाही. मडगार्डवर ठेवलेला पानासुद्धा जागचा हलला नाही. धाकटे जावई कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी दुरुस्त केलं होतं, आणि बघायला गल्लीत एक मांजर होतं. तेही झोपलेलं.

ते धावतच जिना चढले. तोंड उघडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, रागावू नका, पण मी भाऊजींना फोन केलाय. उद्या सकाळी बाबांकडे येऊन बघतायत गाडी."

धाकट्या जावयांनी तोंड मिटलं. पुढचं सगळं त्यांना स्पष्ट दिसलं. भाऊजी बोनेट उघडणार, मिटणार, गाडी छान चालणार, आणि सासूबाई म्हणणार की थोरल्यांच्या हाताला गुण आहे हो. आपण कालच दुरुस्त केली असं सांगितलं, तर सगळे मान डोलावणार आणि मनात म्हणणार, बिचारे. रात्रभर ही जळजळ काही जाईना. सकाळपर्यंत त्यांचा दुसरा निर्णय झाला होता, आणि तो पहिल्याइतका लहान नव्हता.

"आज बरी चालतेय की," वाटेत बायको म्हणाली.

"तापली की करते," ते म्हणाले.

सासरी पोचल्यावर बायको आत गेली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच बोनेट उघडलं, पाइप उपटून ठेवला आणि रुमालाला हात पुसत अंगणात येऊन उभे राहिले.

भाऊजी आले. शर्ट पांढरा. सासरे काळा चष्मा लावून खुर्चीत, सासूबाई दारात, दोघी बहिणी पायरीवर. गाडी सुरू केली, तर तिने इतकी थडथड केली की सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. भाऊजींनी बोनेट उघडलं. बराच वेळ आत पाहिलं. मग मान वर करून धाकट्या जावयांकडे पाहिलं, आणि पुन्हा आत पाहिलं.

"कठीण दिसतंय," ते म्हणाले.

सासरच्या अंगणात हे वाक्य आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. भाऊजींनी एक प्लग काढून उलटसुलट केला, पुन्हा लावला. "नाही, हे माझ्या आवाक्यातलं नाही. साडूभाऊ, तुम्ही बघता का?"

"ते?" सासूबाई म्हणाल्या.

धाकटे जावई सावकाश पुढे झाले. गाडी पुन्हा सुरू करून, डोळे मिटून त्यांनी इंजिनाला कान दिला. (चुकीच्या बाजूने दिला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.) "हवा खातेय," ते म्हणाले. मग हात आत घातला, पाइप दाबून बसवला, आणि गाडीची थडथड जागच्या जागी थांबली.

"वा," सासरे म्हणाले. बायको त्यांच्याकडे अशी बघत होती, की त्यांना उगाचच केस सारखे करावेसे वाटले. सासूबाई म्हणाल्या, "एवढं येत होतं तर इतकी वर्षं बोलला नाहीत कधी." त्यावर धाकटे जावई म्हणाले, की त्यात काय एवढं, थोडं डोकं चालवलं की झालं. खटकली ती एकच गोष्ट. सगळ्यांत जास्त आनंद भाऊजींना झालेला दिसत होता. हरलेल्या माणसाने निदान थोडं तरी तोंड पाडावं.

सासरे थाटात मेळाव्याला पोचले. वाटेत धाकट्या जावयांनी हिरव्या सिग्नललासुद्धा गाडी हळू केली, लाल व्हावा म्हणून. मग गाडी स्थिर उभी राही आणि ते हळूच सासऱ्यांकडे बघत.

परतल्यावर चहा झाला. धाकटे जावई सोफ्यावर टेकणार, तेवढ्यात सासूबाई त्यांना म्हणाल्या, "ओट्याखालचा पाइप तुंबलाय. थोरल्यांना सांगणार होते, पण आता तुम्हीच आहात." आणि त्यांनी हातात पाना दिला.

ओट्याखाली मान घालून ते आडवे झाले असताना चहाचा कप घेऊन भाऊजी शेजारी उकिडवे बसले.

"तो पाइप मला बोनेट उघडताक्षणी दिसला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळीकडे धूळ आणि त्याच्यावर बोटांचे ताजे ठसे. तुमचा रुमालही काळा होता."

धाकट्या जावयांनी ओट्याखालून मान बाहेर काढली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलतो कशाला? लग्न झाल्यापासून वाट बघतोय, ह्या घरात दुसरं कुणीतरी पुढे येईल म्हणून. मी माळ्यावर, आणि तुम्ही बाबांजवळ सोफ्यावर गप्पा मारत. काय हेवा वाटायचा तुमचा." त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "बाबा इतकं मजेदार बोलतात, हे मला आज कळलं." आणि ते उठून बाहेर गेले.

थोड्या वेळाने बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, मग भाऊजींचं मोकळं हसू, मग दोघांचं. सोफ्याची ती कोपऱ्यातली जागा धाकट्या जावयांना डोळ्यांसमोर दिसत होती. त्यांनी दात-ओठ खात पाना पाइपवर आपटला, पुन्हा आपटला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जावईबापू, ठोकाठोकी जरा हळू करता का? थोरल्यांना ह्यांचं बोलणं नीट ऐकू येत नाहीये."