पाद्रीनिवासातला नाहीसा झालेला दगड

"इंग्लंडात माझ्यापेक्षा तल्लख डोकं एखादंच असेल, आणि ते कुठे आहे हेही मीच शोधून काढीन," असं होरेशियो प्लमट्री स्वतःबद्दल सांगत असे. रेल्वेत तिकिटं तपासून निवृत्त झाल्यापासून तो गुप्तहेर होता आणि त्याची विधवा बहीण मेबल मदतनीस. म्हणजे त्याचा चष्मा तिने शोधायचा.

या खेपेला नेदर वॉब्लीच्या चर्चमागे उकरून काढलेल्या, सातशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीनिवासातला चुलीचा कोरीव दगड नाहीसा झाला होता. पाद्रीबुवांनी आळ घेतला तो कबरी खणणाऱ्या ईनॉक थ्रिपवर. सुगीच्या जेवणापर्यंत दगड मिळाला नाही, तर त्याची नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर मिळालेलं घरही. ईनॉक मेबलला आवडायचा, आणि हे होरेशियो सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं.

होरेशियोने त्या उकरलेल्या अवशेषांत पालथं पडून पाहणी केली. आधी त्याने तिथल्या जुन्या पाद्र्याच्या भुतावर संशय घेतला. मग भुताला एवढं वजन पेलणार नाही म्हणून त्याला सोडून दिलं. तिथे चरणाऱ्या एका मेंढीचीही कसून चौकशी झाली. शेवटी स्वारी ईनॉकवर आली.

"त्याच्या गुडघ्यांना माती आहे," तो मेबलला म्हणाला.

"अरे, तो कबरी खणतो."

"तेच तर. सबब आधीच तयार ठेवलीय."

सुगीच्या जेवणाला गाव पाद्रीबुवांच्या घरी जमलं. होरेशियो आरोप करायला उभा राहिला. तेवढ्यात उत्खननाच्या प्रमुख पेनफोल्डबाई मोहरी आणायला कोठीत गेल्या आणि तिथूनच त्यांनी सगळ्यांना बोलावलं. उकडलेली बैलाची जीभ, काप नीट पडावेत म्हणून, दरवर्षीसारखी पातेल्यात दाबून ठेवली होती. वर वजन म्हणून चुलीचा दगड होता.

"नेहमीचं वजन सापडेना," पाद्रीणबाई म्हणाल्या. "मी यांना नाश्त्याला विचारलं होतं. 'जरूर घे' म्हणाले."

पाद्रीबुवा नाश्त्याला वर्तमानपत्र वाचत, आणि लग्नापासून त्याच्या आडून प्रत्येक गोष्टीला 'जरूर' म्हणत आले होते. त्यांनी लाल कानांनी ईनॉकची माफी मागितली. होरेशियोने जिभेचा काप वाढून घेत जाहीर केलं, की आपला संशय पहिल्यापासून स्वयंपाकघरावरच होता.

मेबलला रडू आवरेना. ईनॉक टोपी चुरगाळत तिच्याजवळ आला.

"घर राहिलं, मेबलबाई. त्यात तुम्ही राहायला याल का, एवढंच कळायचं बाकी आहे. पण तपास भावाकडे देऊ नका. मला उत्तर जिवंतपणी हवंय."