बालिंग्यातला पॅसेंजर

आमच्या शेजारचे अण्णा बेडकांच्या पिल्लांना बिनतिकिटाचं गगनबावड्याला पोचवतात. हसू नका, खरं सांगते.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर गेली. आता रिटायर झाले, पण हातातली घंटीची दोरी काही सुटलेली नाही. आमच्या सामाईक अंगणात गुऱ्हाळातली एक जुनी काहील पडलीय, गूळ आटवायची. पावसाळ्यात ती पाण्यानं भरते, बेडक्या त्यात अंडी घालून जातात आणि अण्णांची ड्यूटी सुरू होते.

"वैनी, गाडी रंकाळा स्टँडला लागली!" म्हणजे अंडी दिसली, फुगलेल्या साबुदाण्यासारखी, मधे काळा ठिपका. त्यातून शेपटी वळवळत बाहेर आली की पुढचा थांबा, बालिंगा. मागचे पाय फुटले की कळे गाव. पुढचे पाय आले, शेपटी आखडायला लागली, पिल्लं श्वासाला वर यायला लागली, की असळज. आणि शेपटी पार जिरून काठावर पहिली उडी पडली, की अण्णा ओरडणार, "गगनबावडा! उतरून घ्या!"

दुपारी ते काहिलीकाठी बसतात, शेजारी त्यांचा पोरगा बाळू. बाळूनं तिशी ओलांडली, पण शर्टाची बटणं अजून अण्णाच लावतात. श्रावणातलं ऊन पाण्यावर हलतं, त्याची जाळी दोघांच्या तोंडावर हलते आणि दोघंही कुठल्या तरी लांबच्या गावाला गेल्यासारखे गप्प. माझी भाजी करपते, तरी मी खिडकीतून बघत उभी! काय सांगू तुम्हाला.

यंदा मात्र माझं डोकं फिरलं. नातवाचं बारसं तोंडावर, मांडव घालायचा आणि काहील नेमकी मधे.

"अण्णा, गेली की सगळी! करा आता रिकामी."

"एक ऱ्हायलंय की."

वाकून बघितलं. खरंच, तळाशी एक शेपटीवालं, पायांचा पत्ता नाही. बरोबरीची केव्हाच उड्या मारत गेली आणि हे अजून बालिंग्यातच!

"मग बादलीत टाका की त्याला! मरतंय व्हय लगेच?"

अण्णा बाळूच्या गळ्याचं बटण लावत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाळ्याला ल्हानपणी जयसिंगपूरला, असल्या पोरांच्या शाळंत ठेवलंतं, वैनी. हितली पोरं फुडं गेली, म्हटलं, तितं तरी शिकंल. दुसऱ्या गाडीत बसवलं. जेवायचंच सोडलं की त्यानं. उचलून आणला परत. तवापास्नं म्या घाई करत न्हाय." पाण्याकडं बघत म्हणाले, "सगळ्यांनी गगनबावड्यालाच उतराय पायजे असं कुटं हाय? बालिंगा बी गावच हाय की."

मेल्या एका बेडकापायी रडायची वेळ आली माझ्यावर.

बारशाला मांडव वाकडाच घातला. काहिलीला वळसा घालून पंगत बसली, जावांनी नाकं मुरडली. जेवणं झाल्यावर लेकीच्या सासरकडचं एक पावणं हात धुवायला काहिलीकडं वळलं, तशी मी पाळण्याजवळूनच ओरडले, "ओ पावणं, हात मागं घ्या! आत पॅसेंजर बसलाय!"