दाणीकाकांचं बेसमेंट

भर ऑगस्टमध्ये गल्लीतले लोक बार्बेक्यू पेटवून बसलेले असताना आमचे शेजारी दाणीकाका लाकडं रचत. मेपलची वेगळी, ओकची वेगळी. फोडलेली दोन लाकडं एकमेकांवर आपटून कान देत. "टण्ण वाजलं तर वाळलं. थप्प वाजलं तर अजून रडते आहे, बाप्पा!"

काका मूळ नागपूरचे. नोकरी सगळी मॉन्ट्रियलला झाली. काकू तिथेच वारल्या आणि निवृत्त झाल्यावर ते एकटे इकडे मिसिसागात, आमच्या गल्लीत आले. नवीन माणूस भेटला की गाव, नोकरी काही न विचारता पहिला प्रश्न, "वीज गेली तर घर कशानं तापवशील?"

"काका, आमचं हीटिंग गॅसवर आहे," मी म्हणालो.

"गॅस आहे रे! पण गरम हवा फेकणारा फर्नेसचा पंखा विजेवरच फिरते ना!"

त्यांच्या बेसमेंटमध्ये रीतसर परवानगी काढून बसवलेली लाकडाची शेगडी होती. धुराडं दरवर्षी साफ. विषारी वायू साचला तर इशारा देणारा भोंगा ते दर रविवारी वाजवून बघत आणि पलीकडे आमची वर्षाची मुलगी दचकून रडे. सगळं घर तापवायचं नाही, एक खोली धरायची, हा त्यांचा सिद्धांत. त्या खोलीच्या दाराला रजई, खिडक्यांना बबल रॅप. गल्ली हसायची. मीसुद्धा.

मग एका डिसेंबरात पाऊस झाडांवर पडताक्षणी गोठला. फांद्या तारांवर कोसळल्या, वीज गेली. दुसऱ्या दिवशी घरात बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली. मुलीचे हात गार पडले. काय करावं सुचेना, तेवढ्यात दारात काका.

"काहून थांबले इथं? पोरीला उचला अन् चला!"

संध्याकाळपर्यंत त्या एका खोलीत अर्धी गल्ली जमली. शेगडीवर खिचडी रटरटत होती. काका प्रत्येकाच्या पायांवर पांघरूण घालत फिरले. शेवटी आमची मुलगी त्यांच्याच मांडीवर झोपली.

"काकूही अशीच तयारी करायच्या का हो?" माझ्या बायकोनं सहज विचारलं.

"तेव्हा कुठली तयारी!" काका म्हणाले. "मॉन्ट्रियललाही असंच झालं होतं. मी साइटवर अडकलो, रस्ते बंद. ती घरात एकटी. फोनवर म्हणे, मी ठीक आहे, दोन स्वेटर घातलेत. मग फोनही गेला." त्यांनी मुलीच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं. "पोचलो तेव्हा खुर्चीतच होती. माझा कोट पांघरून."



थोड्या वेळानं दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भराभर बूट चढवले आणि थँक यू, थँक यू म्हणत निघून गेले. माझी बायकोही जॅकेट घालून मुलीला घ्यायला वाकली.

"झोपली आहे," काका हळूच म्हणाले. "तुमचं घर तापायला वेळ लागेल. तोवर राहू द्या ना."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग जॅकेट काढून ठेवलं आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. मीही बसलो.