डिस्कच्या दारावरची पाटी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि हातातले मोबाइल उलटे ठेवा.

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. तो तिथे कसा आला हे विचारू नका. गोष्टीत वाघ बोलतो तेव्हा तुम्ही गप्प बसता, मग कॉम्प्युटरपाशीच कशाला अडता?

विजेचं काम ओढ्यातल्या खेकड्यांकडे होतं. एक खेकडा चाकावर चढायला लागला की बाकीचे त्याला खाली ओढायचे. त्या ओढाताणीत चाक फिरायचं आणि वीज व्हायची. त्या जंगलात वीज कधीच गेली नाही.

कॉम्प्युटर एक आणि मतं तीन. दरबाराला महाराजांचे मोठमोठे फोटो दिसतील अशी सिस्टिम हवी होती. माकडांना खेळांची हवी होती. गवत खाणाऱ्यांना साधी, फुकट मिळणारी आणि न कुरकुरता चालणारी हवी होती. सभा झाली. माकडांनी चिंचोके फेकले. शेवटी एकाच डिस्कमध्ये तिन्ही बसवायच्या असं ठरलं आणि ते काम तांबूकडे आलं.

तांबू म्हणजे शेकरू. शेंड्यावर राहणारी, तांबड्या अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. शेकरूचं एका घरट्यावर भागत नाही. ती चार-सहा घरटी बांधून ठेवते. झोपायचं कुठलं, पिलांचं कुठलं आणि उगाच बांधलेलं कुठलं हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे एका डिस्कमध्ये तीन घरं म्हटल्यावर तांबूला काही नवल वाटलं नाही. तिने डिस्कचे तीन भाग केले आणि तीन सिस्टिम बसवून दिल्या. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की तो विचारायचा, ‘कुणाच्या घरात जायचं?’ मग ज्याने त्याने आपापलं बटण दाबायचं.

आता पुढचं लक्ष देऊन ऐका, कारण गोष्ट सगळी त्यावरच आहे. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटीशी जागा असते. पहिलं घर इथून इथपर्यंत, दुसरं तिथून तिथपर्यंत, असं त्या जागेत लिहिलेलं असतं. शहाणी माणसं तिला पार्टिशन टेबल म्हणतात. तांबू तिला पाटी म्हणायची. पाटी बिघडली तरी घरं जागच्या जागीच असतात. फक्त कॉम्प्युटरला ती सापडत नाहीत.

त्या वर्षी ऊन भयंकर होतं. सगळे पाणवठे आटून कॉम्प्युटरशेजारचा एकच उरला होता. म्हणून सगळ्यांनी बसून पाण्याच्या पाळ्यांची यादी केली होती. कुणी कधी प्यायचं ते तिच्यात लिहिलं होतं. ज्याची पाळी चालू आहे त्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता आणि त्याखाली खुद्द वाघमहाराजांच्या पंजाचा ठसा होता. यादी गवत खाणाऱ्यांच्या घरात, म्हणजे डिस्कच्या तिसऱ्या भागात ठेवली होती.

यादीत सगळ्यात शेवटचं नाव कणीचं होतं. कणी म्हणजे पिसोरी, सशाहून जेमतेम मोठं असं हरीण. ती इतकी भित्री की सभेत तिने तोंडच उघडलं नाही, आणि म्हणून नको असलेली पाळी तिच्या गळ्यात पडली. सूर्य मावळायच्या जरा आधी, यादी संपल्यावर येणाऱ्या वाघमहाराजांच्या पाळीला अगदी लागून. ती पळत यायची, चार घोट प्यायची आणि पळत जायची. तिच्यात आणि वाघात फक्त ती यादी होती.

आता जंगलाची एक खोड सांगतो. तिथे प्रत्येकाला आपली खूण ठेवल्याशिवाय चैन पडत नसे. वाघ खोडावर नखं ओढायचा. अस्वल पाठ घासायचं. तरस गवताला अंग घासून जायचा. त्यात महाराजांच्या राज्याला दहा वर्षं झाली. दरबारचे चिटणीस हसमुखराव तरस यांनी हुकूम काढला की, जिथे जिथे कशाची सुरुवात होते तिथे तिथे महाराजांचं नाव लागलं पाहिजे. पायवाटेच्या सुरुवातीला नाव लागलं. ओढ्याच्या उगमाला लागलं. मुंग्यांच्या वारुळालाही लागलं, आणि मुंग्या दोन दिवस घराबाहेर राहिल्या.

एका सकाळी तांबू फणस खायला गेली होती. तेवढ्यात हसमुखराव कॉम्प्युटरपाशी आले.

‘याची सुरुवात कुठे आहे?’ त्यांनी माकडांना विचारलं.

माकडांना सगळं माहीत असतं. त्यांनी डिस्कची पहिली जागा दाखवली. हसमुखरावांनी तिथे लिहिलं, ‘श्रीमंत सकलवनाधीश अखंडप्रतापी व्याघ्रराज महाराज यांचा विजय असो.’ नाव लांबलचक होतं आणि जागा एवढीशी. पाटी त्याच्याखाली पार बुडाली.

तांबू परत आली तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. ‘इथे काहीही नाही.’

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? पाणवठ्यावर गवा आला, सांबर आलं, डुकरं आली. आपापली पाळी सगळ्यांना पाठ होती आणि सगळ्यांना ती सकाळचीच आठवत होती. यादीची दुसरी प्रत का नव्हती, असं तुम्ही विचाराल. प्रत काढायचा ठराव तीनदा झाला होता. तो ठरावही त्याच कॉम्प्युटरमध्ये होता.

महाराज पाणवठ्यावर आले. त्यांनी एकदा मिशीवरून जीभ फिरवली.

‘यादी असेल तर यादीचा कायदा,’ ते म्हणाले. ‘नसेल तर जुना कायदा. मावळतीपर्यंत वाट बघतो.’

जुना कायदा सगळ्यांना माहीत होता. त्यात एकच कलम होतं आणि ते महाराजांच्या तोंडात होतं.

करवंदीच्या जाळीतून कणीने मान बाहेर काढली. ‘तांबूताई, माझी पाळी लागेल ना गं आज? कालपासून पाण्याचा थेंब नाही.’

‘लागेल,’ तांबू म्हणाली.

‘नाही लागली तर नाही म्हणून सांग. मी नाही येणार.’

‘आणि पिणार काय?’

कणीने मान पुन्हा जाळीत ओढून घेतली. या पिसोरीचं नाव जंगलात फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ते ठिकाण कॉम्प्युटरला सापडत नव्हतं.

दरबाराने तोवर शेजारच्या जंगलातून सल्लागार बोलावले होते. रानडुक्कर दंताजीराव आले, त्यांनी कॉम्प्युटर हुंगला आणि मान हलवली.

‘संपलं हे. सगळं पुसायचं आणि नव्याने मांडायचं. आमच्याकडे आम्ही दर वर्षी उकरतो.’

‘आणि यादी?’ तांबूने विचारलं.

‘यादीसाठी समिती नेमा. दोन पावसाळ्यांत होऊन जाईल.’

‘दंताजीराव, हरवलेलं काही नाहीये हो. तिन्ही घरं जागेवर आहेत. फक्त पाटी गेलीय.’

‘पडद्यावर काय लिहिलंय? इथे काहीही नाही. मशीन खोटं बोलतं का?’ दंताजीरावांनी खूर पुढे करून एक बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, ‘सगळं पुसायचं. नक्की?’

तांबूने उडी मारली आणि सगळी बटणं शेपटीखाली झाकून बसली. शेपटी अंगाहून लांब असल्याचा हा एक फायदा.

‘महाराज,’ ती म्हणाली, ‘मला मावळतीपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मग खुशाल पुसा.’

महाराजांना दुपारी झोप यायची. त्यांनी मान डोलावली.

तांबू सरसर शेंड्यावर गेली. उगाच बांधलेल्या घरट्यात, सुक्या पानांखाली, तिने जांभळाच्या बीएवढा पेनड्राइव्ह लपवला होता. त्यात अडचणीच्या वेळेसाठी एक छोटी सिस्टिम होती. ती लावून तिने कॉम्प्युटर चालू केला. आधी तिने काहीही लिहिलं नाही. फक्त वाचलं. असल्या वेळी लिहिण्याची घाई करणारे कसे असतात ते तिने सकाळीच पाहिलं होतं.

डिस्क बनवणारे लोक शहाणे असतात. पाटी कधीतरी बिघडणार हे त्यांना माहीत असतं. म्हणून ते तिची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी, शेपटाकडे ठेवतात. सगळेजण तोंडाकडे बघतात, त्यामुळे ती सहसा सुरक्षित राहते. तांबू शेपटाकडे गेली. तिथे प्रत होती, अगदी नवी करकरीत. पहिलं घर इथून, दुसरं तिथून, तिसरं त्याच्या पुढून.

तरी तिचा विश्वास बसेना. ती डिस्कवर एका टोकापासून चालत निघाली. प्रतीत लिहिलं होतं तिथेच दरबाराचं घर सुरू होत होतं. पुढे माकडांचंही. तिसऱ्यापाशी पोचताना तिची चाल मंदावली. खोटं कशाला सांगू, ती घाबरली होती. पण तिसरं घरही तिथेच होतं आणि आत यादी होती. शेवटची ओळ, कणी पिसोरी.

आता ती पाटी पुन्हा पुढे लिहायची, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात हसमुखरावांनी मागून खाकरल्यासारखं केलं.

‘ताई, तिथे महाराजांचं नाव आहे. ते पुसणार तुम्ही?’

महाराजांनी एक डोळा उघडला. ऊन कलायला लागलं होतं, आणि करवंदीची जाळी हलली.

तांबूने शेपटी सावरली. ‘पुसत नाही, चिटणीस. नाव आत नेते. दारात कोण उभं राहतं? पहारेकरी. महाराज कुठे शोभतात? आत, गादीवर. महाराजांना सकाळपासून दारात उभं केलंय कुणी?’

महाराजांनी दुसरा डोळा उघडला आणि तो हसमुखरावांकडे वळवला. ‘कुणी?’

हसमुखराव हसले. ते नेहमीच हसायचे, त्यामुळे काही कळलं नाही.

महाराजांचं नाव दरबाराच्या घरात, सगळ्यात मोठ्या फोटोखाली गेलं. पुढच्या जागेत पाटी परत आली. कॉम्प्युटर क्षणभर घुमला आणि त्याने विचारलं, ‘कुणाच्या घरात जायचं?’

सूर्य डोंगराला टेकायच्या आत कणी पाणवठ्यावर आली. तिच्यामागे पंधरा पावलांवर महाराज बसले होते, पंजे जुळवून, पडद्यावरच्या यादीकडे बघत. कणी चार घोट प्यायली. मग तिने आणखी दोन घेतले. तांबूला वरून ते दिसलं आणि तिला इतका आनंद झाला की ती फणसाचा गरा हातात धरून खायचंच विसरली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जंगलात सत्कार नावाचा एक प्रकार असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी सभा भरली. काहीजण कुरकुरत होते. ‘तिने केलं काय? जे होतं तेच तर आहे.’ तरी नारळ आले, शाल आली. दंताजीरावांना प्रमुख पाहुणे केलं होतं आणि ते नारळ सालीसकट खात होते. हसमुखराव बोलायला उठले.

‘काल ताईंनी आम्हाला शिकवलं की महाराज आत शोभतात आणि दारात पहारेकरी. तर आपल्या कॉम्प्युटरचा खरा पहारेकरी कोण? म्हणून आज सकाळीच मी दारात, पहिल्या जागेवर, ताईंचं संपूर्ण नाव कोरून टाकलं आहे.’

टाळ्या झाल्या. तांबूच्या हातातून शाल गळून पडली.

‘आणि शेपटाकडेही एक जागा असते असं काल माकडांकडून ऐकलं,’ हसमुखराव पुढे म्हणाले. ‘ती मोकळी राहिलेली बरी दिसत नव्हती. तिथे महाराजांचा विजय असो लिहिलं.’

कॉम्प्युटर चालू केला. ‘इथे काहीही नाही.’

‘पुसा माझं नाव,’ तांबू म्हणाली.

‘किती विनय,’ हसमुखराव म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या. ‘पण दरबाराचा सत्कार पुसणं म्हणजे महाराजांचा अपमान.’

तांबूने करवंदीच्या जाळीकडे पाहिलं. मग तिने शाल उचलली, खांद्यावर घेतली, आभार मानले आणि खाली बसली.

मग पंगत झाली. पंगतीनंतर सगळं जंगल आडवं झालं आणि महाराज घोरायला लागले. तांबू हळूच शेंड्यावर गेली. आदल्या संध्याकाळी, गरा खायच्या आधी, तिने तिन्ही घरांचे ‘इथून इथपर्यंत’चे आकडे उगाच बांधलेल्या घरट्यामागच्या सालीवर दातांनी कोरून ठेवले होते. हे तिने कुणालाही, अगदी कणीलाही, सांगितलं नव्हतं. आकडे पाठ करून ती खाली आली. पुढची पाटी नीट लिहिली, मागची प्रतही लिहिली, आणि पेनड्राइव्ह गालात दाबून आपल्या जागेवर येऊन झोपल्याचं सोंग घेतलं.

उन्हं उतरल्यावर जंगल जागं झालं. कॉम्प्युटर विचारत होता, ‘कुणाच्या घरात जायचं?’

‘बघा,’ हसमुखराव म्हणाले, ‘नाव लिहिलं तेव्हा कुठे मशीन मार्गावर आलं.’

‘आमच्याकडेही असंच होतं,’ दंताजीराव म्हणाले.

‘ताई, तुम्हाला काय वाटतं?’ महाराजांनी विचारलं.

‘चिटणीस म्हणतात तसंच असेल,’ तांबू म्हणाली.

कणी वेळेवर आली आणि पाणी पिऊन गेली.

तेव्हापासून त्या जंगलात दर उन्हाळ्यात डिस्कच्या पहिल्या जागेवर समारंभाने कुणाचं तरी नाव लिहितात. मग पंगत होते, मग झोप होते, आणि जाग येते तेव्हा कॉम्प्युटर सुरळीत चालू असतो. हसमुखरावांना त्याबद्दल तीन शाली मिळाल्या आहेत. तांबूला त्यानंतर काहीच मिळालं नाही, आणि ती म्हणते की यादी त्यामुळेच टिकली आहे.

तात्पर्य : मुलांनो, केलेल्या कामाची प्रत नेहमी जपून ठेवावी, आणि काम आपण केलं ही गोष्ट त्याहूनही जपून ठेवावी. बिघाड एकदा दुरुस्त करता येतो. कौतुक दर वर्षी दुरुस्त करावं लागतं.