दबूसींच्या घरातली अधिकृत वेळ

ज्या घरात कोणीही कुठलंही कपाट उघडू शकतं, ते घर प्रेमळ असू शकतं, पण त्याला व्यवस्था म्हणता येत नाही. हे मला लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या मीना भागात, आमच्याच इमारतीत, उस्ताद (आमच्याकडे 'साहेब' या अर्थी म्हणतात) नसूह दबूसी यांच्यामुळे कळलं. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी चौथ्या. त्यांचं वायफाय मला फुकट मिळतं, म्हणून या कथेत त्यांच्याविषयी वावगा शब्द सापडणार नाही.

उस्ताद नसूह चौतीस वर्षं जमीन नोंदणी कार्यालयात होते. त्यांच्या शिक्क्याशिवाय या शहरात एक कुंपण सरकलं नाही. मग ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बायकोने, उम्म लमीसने, म्हणजे लमीसच्या आईने, त्यांना न विचारता फ्रीज उघडायला सुरुवात केली. (ती आधीही उघडायची. पण तेव्हा ते कार्यालयात असत.)

त्यांची मुलगी लमीस एका इस्पितळाच्या संगणक विभागात काम करते. बापाचं मन रमावं म्हणून तिने एक छोटा संगणक आणला. तळहातावर मावणारा, दिव्यापेक्षा कमी वीज खाणारा. आमच्याकडे जनरेटरवाला प्रत्येक घराला मोजून पाच अँपिअर देतो. इस्त्री लावली की टीव्ही जातो. अशा घरात पाच वॉटमध्ये भागणारं यंत्र म्हणजे आदर्श सून. लमीसने त्याचा डोमेन सर्व्हर केला, म्हणजे घरातल्या सगळ्यांची नावं, पासवर्ड आणि कोणाला कुठे मुभा हे त्या एका डबीत ठेवलं.

"फोटो एका जागी राहतील बाबा, आणि प्रिंटर सगळ्यांना वापरता येईल," ती म्हणाली.

"सगळ्यांना?" उस्तादांनी विचारलं.

तिथेच काम झालं. आठवड्याभरात घराची वर्गवारी तयार झाली:

(१) प्रशासक: उस्ताद नसूह.
(२) सदस्य: उम्म लमीस आणि लमीस. पासवर्ड दर पंधरा दिवसांनी बदलायचा.
(३) उपकरणं: टीव्ही आणि प्रिंटर.
(४) पाहुणे: मी. (प्रिंटरला टीव्ही दिसत असे. मला प्रिंटर दिसत नसे.)

पहिल्या महिन्यात पासवर्ड विसरण्याच्या एकोणीस घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी सतरा उम्म लमीसच्या होत्या. प्रत्येक वेळी लेखी अर्ज करावा लागे. "कारण" या रकान्यात ती दर वेळी "नवरा" असं लिहायची. अर्ज मंजूर व्हायचा, कारण रकाना रिकामा नव्हता.

अडचण वेळेची निघाली. आमचा जनरेटर रोज दुपारी दीड तास विश्रांती घेतो. तेवढा वेळ ती डबी बंद. तिच्यात स्वतःचं घड्याळ नाही. वीज आली की ती जिथे झोपली होती तिथूनच वेळ मोजू लागते. आणि ओळख पटवताना ती समोरच्या फोनचं किंवा टीव्हीचं घड्याळही बघते. पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की दार बंद, वायफायसकट.

"बाबा, तिला बाहेरून वेळ घेऊ द्या," लमीस म्हणाली. "एक ओळ बदलायची आहे."

"बाहेरून कोणाकडून?"

"इंटरनेटवरून. सगळं जग घेतं."

"ओळख ना पाळख, आणि त्याच्याकडून वेळ घ्यायची? आमच्या कार्यालयात असं कधी झालं नाही."

तिने बॅटरी आणली. बॅटरीवर चालणारं कार्यालयही उस्तादांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी सरळ मार्ग काढला: सर्व्हर वेळ बदलणार नाही, घर बदलेल. फोन, टीव्ही, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रोज संध्याकाळी दीड तास मागे. मीही फोन मागे केला. चौथ्या दिवशी सकाळच्या दंतवैद्याकडे दुपारी पोचलो, पण वायफाय अखंड होतं.

घरातल्या बायका कामापुरत्या बाहेरच्या वेळेने चालत. लमीस इस्पितळात वेळेवर पोचायची. उम्म लमीसने एक मनगटी घड्याळ मसुराच्या डब्यात ठेवलं होतं. ती त्यात बघून स्वयंपाक करायची आणि नवऱ्याला भूक लागेपर्यंत झाकून ठेवायची. अठरा दिवसांत घर सत्तावीस तास मागे पडलं. उस्ताद मात्र इतके समाधानी मी कधी पाहिले नव्हते.

अठराव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, हाज्ज मिस्बाह आपल्या मुलासाठी लमीसला मागणी घालायला आले. हाज्ज मिस्बाह बंदरावर जकातीत होते. बरोबर त्यांची बायको आणि मुलगा अनस. अनसला दोहाला नोकरी लागली होती, सोमवारी पहाटेचं विमान. फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, वाचून आजच बोलणी पक्की करायची असं ठरलं होतं. वडीलधारा शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं, आणि मी पाहुणा वर्गातला असलो तरी, उम्म लमीसने बाहेरची वेळ कळवल्यामुळे, वेळेवर आलो होतो.

दार उस्तादांनी उघडलं. अंगात बनियन, हातात अर्धं सोललेलं संत्रं.

"तुम्ही उद्या येणार होतात," ते म्हणाले.

"रविवारी म्हणालो होतो," हाज्ज मिस्बाह म्हणाले. "आज रविवार आहे."

"बाहेर रविवार आहे. या ना, आत या. आत शनिवार आहे, दुपारचे दोन."

पाहुणे आत आले. उम्म लमीसने पाच मिनिटांत खिम्याचे गरम किब्बे, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या आणि कॉफी आणली.

"हे इतक्यात कसं झालं?" उस्तादांनी विचारलं.

"उद्यासाठी केलं होतं," ती म्हणाली.

खाणं झालं. हाज्ज मिस्बाहांनी फातिहासाठी हात वर केले. उस्तादांनी केले नाहीत.

"मुलगा मला पसंत आहे," ते म्हणाले. "पण नोंद रविवारची आहे. शनिवारी वाचली तर ती कोणत्या तारखेची धरायची?"

"कागदांआधी माल आला की आम्ही तो गोदामात ठेवायचो," हाज्ज मिस्बाह विचार करून म्हणाले.

"म्हणजे मी इथेच राहू?" अनसने विचारलं. त्याच्या आईने पिशवी उचलली.

तेव्हा लमीस उठली. "बाबा, पासवर्ड द्या. वेळ पुढे करते. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि मधले सत्तावीस तास? ते नोंदीत नाहीत. ते गेले कुठे?"

"कुठे जातील? ते आम्ही जगलो, बाबा. परवा आईला ताप होता. मला बढती मिळाली. अनसने दोहाचं सांगितलं तेव्हा मी रडले, याच खोलीत. नोंदीत नाहीत ते फक्त तुमच्या."

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. "ताप होता?"

"उतरला," उम्म लमीस म्हणाली.

"मला अर्ज दिला असतास."

"दिला होता. कारणाच्या रकान्यात तुम्हीच होतात."

उस्तादांनी संत्र्याची साल बशीत ठेवली. मग आत गेले, सदरा घालून आले, आणि वहीचं एक पान फाडून मुलीच्या हातात दिलं. त्यावर पासवर्ड होता. लमीसने ती एक ओळ बदलली. भिंतीवरचं घड्याळ उस्तादांनी स्वतः स्टुलावर चढून पुढे केलं. स्टूल मी धरलं. मग सगळ्यांनी हात वर करून फातिहा वाचली. रविवार, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं, बाहेर आणि आत.

लग्न वसंतात आहे. हाज्ज मिस्बाहांनी जाताना तशीच एक डबी मागून घेतली. आता आमच्या गल्लीत अकरा घरांत ती आहे आणि सगळ्या बरोबर वेळ दाखवतात. एवढा खटाटोप करून घरच्यांशी वेळ जुळवणाऱ्या माणसाला तुम्ही हसलात, त्याचा मला राग नाही. तुमच्या हातातल्या फोनची वेळ सेकंदापर्यंत बरोबर असणार, याचीही मला खात्री आहे. फक्त मघाशी शेजारच्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही "हं" म्हणालात. काय विचारलं होतं?