सव्वीस दस्त्यांची विल्हेवाट

सोमवारी सकाळी साडेअकराला भट्टीवाल्याने बंदुका परत केल्या आणि कुलूपकाकांच्या निवृत्तीचं घोंगडं तिथंच भिजत पडलं.

काका म्हणजे पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीचे हवालदार. चोरीच्या सायकलीपासून नवऱ्याच्या डोक्यात घातलेल्या तव्यापर्यंत जप्त झालेली प्रत्येक वस्तू त्यांच्या ताब्यात. एकोणीस वर्षांत या खोलीतून कागदाशिवाय टाचणीसुद्धा बाहेर गेली नव्हती. हे ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगत, त्यामुळे ठाण्यात सगळ्यांचं पाठ होतं. खोलीला दोन कुलपं आहेत आणि तिसरं हा माणूस, असं साहेब एकदा म्हणाले आणि तेच नाव पडलं. खोलीत बसायला एक स्टूल होतं. तेही सरकारी यादीत होतं आणि त्याने काकांच्या कमरेची वाट लावली होती.

येत्या शुक्रवारी काका निवृत्त होणार होते. त्याआधी खोली कारकूनबाईंच्या ताब्यात द्यायची, बाईंनी यादीवर सही करायची आणि मगच साहेब कार्यमुक्तीचा कागद देणार. खोलीतलं बाकी सगळं चोख होतं. राहिल्या होत्या फक्त अडतीस बंदुका, वेगवेगळ्या गुन्ह्यांतल्या, सरकारजमा झालेल्या. कोर्टाचा हुकूम होता, पंचांसमक्ष संपूर्ण नष्ट कराव्यात. म्हणून तर काका त्या जीपमध्ये भरून, समोरचा शिंपी आणि एक निवृत्त मास्तर असे दोन पंच घेऊन, लोखंड वितळवायच्या कारखान्यात आले होते.

"लोखंड टाकतो. लाकूड नाही टाकणार," भट्टीवाला म्हणाला.

"हुकूम अख्ख्या बंदुकीचा आहे," काका म्हणाले.

"हुकूम तुम्हाला आहे, भट्टीला नाही. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं लाकूड आहे हे. भडका उडाला तर माझ्या भुवया जातात. एकदा गेल्यात, आत्ता कुठे आल्यात."

काकांनी त्याच्या भुवया पाहिल्या. खरंच विरळ होत्या. वाद संपला.

मंगळवारी सुतार बोलावला. बारा पिस्तुलांना लाकूड नव्हतं, पण सव्वीस लांब बंदुकांना जाडजूड दस्ते होते. गंजलेले स्क्रू काढता काढता सुताराने आधी घाम गाळला, मग पोलीस खात्याचा उद्धार केला आणि मग दस्ते हातात घेऊन गप्प झाला. "काय लाकूड आहे हो," एवढंच म्हणाला. प्रत्येक दस्त्याच्या बुडाला गुन्ह्याचा नंबर कोरलेला होता. ती काकांची युक्ती. पूर्वी कागदी चिठ्ठ्या असत, त्या उंदरांनी खाल्ल्या. मग साहेबांची लेखी परवानगी काढून काकांनी तापवलेल्या खिळ्याने एकेक नंबर स्वतः डागला होता. त्यांच्या हातचा सात ओळखू यायचा, त्याला शेपूट असे.

दुपारी लोखंड वितळलं. मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं, शिंप्याने लांबूनच मान डोलावली. साहेबांनी पंचनामा लिहिला, "अडतीस बंदुका संपूर्ण नष्ट," आणि पेन काकांपुढे केलं.

काकांनी पेन घेतलं नाही. "साहेब, संपूर्ण कुठे? दस्ते जीपमध्ये आहेत."

"अहो, दस्त्याने काय गोळी मारता येते?"

"मारता येत नाही. पण ताब्यात बंदुका घेतल्या होत्या, आणि दस्ता बंदुकीचा आहे. उद्या कोणी विचारलं तर?"

"एकोणीस वर्षांत कोणी विचारलंय?"

"विचारलं नाही, कारण मी विचारायला जागा ठेवली नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. शिंप्याचं दुकान सकाळपासून बंद होतं, त्याने काकांकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी पंचनाम्यात आणखी एक ओळ आली: सव्वीस लाकडी दस्ते शिल्लक, ते वेगळे नष्ट करण्यात येतील.

लाकूड म्हणजे जाळायचं, यात डोकं लावण्यासारखं काही नव्हतं. बुधवारी ठाण्याच्या मागच्या मोकळ्या जागेत दस्त्यांची होळी रचली आणि काकांनी स्वतः काडी लावली. भट्टीवाला खोटं बोलत नव्हता. पाच मिनिटांत असा काळाकुट्ट धूर निघाला की ठाण्याच्या कोठडीतले दोघे चोर पोलिसांना हाका मारू लागले. पलीकडच्या दवाखान्यातून कोणीतरी फोन केला. अग्निशमन दल दोन गल्ल्यांवर होतं आणि त्यांना बरेच दिवस काम नव्हतं. ते एवढ्या तडफेने आले की काकांचा तोंडातला शब्द तोंडातच राहिला. पाण्याचा लोट आधी आगीवर आला, मग काकांवर.

"आम्ही मुद्दाम जाळत होतो," काका टोपी पिळत म्हणाले.

"परवानगी?" दलाच्या प्रमुखाने विचारलं.

परवानगी कोणालाच सुचली नव्हती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काकांकडे एक कागद नव्हता आणि तोही नेमका सगळ्यांसमोर. प्रमुखाने अहवाल लिहिला आणि एक प्रत ठाण्याला दिली: "सव्वीस लाकडी नग आगीतून सुखरूप वाचवण्यात आले." खाली गोल शिक्का.

"झालं," साहेब म्हणाले. "आता तर सरकारी शिक्क्यानिशी वाचलेत. जाळायचं तर आधी हे खोटं ठरवावं लागेल."

दस्ते वरवर काळवंडले होते, आतून ठणठणीत. धुऊन पुसून काकांनी ते खोलीत परत रचले आणि मोजले. सव्वीस. त्याही अवस्थेत त्यांना थोडं बरं वाटलं.

गुरुवारी त्यांनी कोर्टात फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, "अर्ज करा. तीन महिन्यांत हुकूम निघेल."

"मी उद्या निवृत्त होतोय."

"मग अभिनंदन," कारकून म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

राहता राहिल्या कारकूनबाई. चार वर्षं काकांच्या हाताखाली काढलेल्या, दोन मुलांची आई, अक्षर मोत्यासारखं. काकांनी यादी त्यांच्यापुढे सरकवली. बाईंनी ती वाचली, दस्त्यांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"काका, बंदुका अडतीस खोडल्यात. हे सव्वीस यादीत कुठे आहेत?"

"ते तात्पुरते आहेत गं."

"यादीत नाही ते ताब्यात घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. मी वहीत लिहून घेतलंय, दाखवू?"

काकांना तिचा राग आला आणि त्याच वेळी अभिमानाने छाती भरून आली. एका माणसाला दोन्ही एकदम झेपत नाही. ते स्टुलावर बसले. उद्या सगळे हार घेऊन उभे राहणार आणि आपल्याला कार्यमुक्तीचा कागदच नाही, या विचाराने त्यांनी दस्ते आणखी एकदा मोजले. घरी बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. ती गेले दोन महिने एकच म्हणत होती, "त्या स्टुलावरून एकदाचे उठा म्हणजे झालं."

शुक्रवारी सकाळी त्यांनी खोली उघडली तर बाई आधीच दारात उभ्या. "काका, साहेबांनी तोडगा काढलाय. हुकूम येईपर्यंत दस्ते एका माणसाच्या ताब्यात देतोय, सुपूर्तनाम्यावर. कोर्ट मागेल तेव्हा त्याने आणून द्यायचे. काल रात्रीच साहेबांनी त्यांच्याकडच्या जोडकिल्ल्यांनी खोली उघडून दस्ते सुताराकडे पाठवलेत, पावती ही. तो सगळे एकत्र जोडून देणार आहे, म्हणजे सुटे होऊन हरवणार नाहीत."

काकांनी पावती उलटसुलट पाहिली. सव्वीस नग, सही, तारीख. बिनचूक. "माणूस भरवशाचा आहे ना?"

"साहेबांनी पारखलेला आहे."

"तरी अटी घाल. लिही. विकायचं नाही. कोणाला द्यायचं नाही. घराबाहेर न्यायचं नाही. आणि वापरायचं नाही."

बाईंचं पेन थांबलं. "वापरलं तर काय बिघडतं?"

"एकदा वापरायला लागला की माणूस वस्तू आपली समजतो. एकोणीस वर्षं हेच बघत आलोय. लिही."

बाईंनी लिहिलं. मग यादीवर सही केली. काकांनी दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि रिकाम्या हाताचं काय करायचं ते न कळून तो खिशात घातला.

निरोप समारंभ झोकात झाला. साहेबांचं भाषण दोनच वाक्यांचं झालं, कारण तिसऱ्याला त्यांचा आवाज बसला. मग चार जणांनी मिळून चादरीखाली झाकलेलं काहीतरी आणलं. चादर काढली तर आरामखुर्ची. गडद, तुकतुकीत, हातांना सुरेख वळण, पाठीला बाक. "एकोणीस वर्षं स्टुलावर काढलीत," साहेब म्हणाले, "आता टेकून बसा." काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

संध्याकाळी खुर्ची घरी आली. बायकोने ती खिडकीशी ठेवली, दोनदा पुसली आणि नवऱ्याला खांदे धरून बसवलं. कंबर अशी सुखावली की काकांनी डोळे मिटले. हात आपसूक खुर्चीच्या हातांवरून फिरले. उजव्या हाताच्या खालच्या बाजूला अंगठ्याला काहीतरी खडबडीत लागलं. एक. चार. मग सात.

साताला शेपूट होतं.

काका ताडकन उठले. खुर्ची उलटी केली आणि चष्मा लावून मोजायला बसले. हातांत, पायांत, पाठीच्या पट्ट्यांत, सगळीकडे काकांचं अक्षर. चोवीस सापडले. पंचविसावा आणि सव्विसावा बसायच्या फळीखाली.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. जोडणी बघतोय."

त्यानंतर ते जमिनीवर बसले. जेवलेही जमिनीवर. आपण सरकारी मुद्देमाल चारचौघांत, टाळ्यांच्या गजरात, टेम्पोत घालून घरी आणला, हे काही केल्या त्यांच्या मनातून जाईना. उद्या सकाळी खुर्ची परत न्यायची आणि साहेबांपुढे कबुली द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी सकाळी ते टेम्पोवाल्याला बोलवायला निघणार, तोच दारात कारकूनबाई. बगलेत रजिस्टर.

"बाई, मीच येत होतो. ही खुर्ची..."

"माहीत आहे काका. ताबा घेणाऱ्याची सही राहिली होती, ती घ्यायला आलेय." त्यांनी सुपूर्तनामा पुढे केला. सव्वीस दस्ते, खुर्चीच्या स्वरूपात जोडलेले, ताबा घेणारा म्हणून काकांचं नाव, खाली चारही अटी मोत्यासारख्या अक्षरात.

काकांनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. चूक शोधत होते. सापडली नाही. चौथ्या अटीवर मात्र त्यांची नजर बराच वेळ रेंगाळली.

"ती खोडायची का?" बाईंनी हळूच विचारलं. "साहेब म्हणाले, चालेल."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि मान हलवली. "लिहिलंय ते लिहिलंय. राहू दे." सही करून त्यांनी खाली तारीख घातली, वेळही घातली. एकोणीस वर्षांचा लौकिक शाबूत राहिला.

बाई गेल्या. काका आतून एक जुनं स्टूल घेऊन आले, खुर्चीसमोर ठेवलं आणि राखणीला बसल्यासारखे त्यावर बसले. बायको चहा घेऊन आली. तिने काकांकडे पाहिलं, कागद उचलून वाचला, अटी वाचल्या, खालची सही पाहिली. मग कागद नीट घडी करून नवऱ्याच्या खिशात ठेवला आणि कप घेऊन खुर्चीत ऐसपैस टेकून बसली.

"अगं, वापरायची नाही ती," काका म्हणाले.

"तुम्ही," बायको चहाचा घोट घेत म्हणाली. "मी कुठे सही केलीय?"