मामांचं बारीक ऐकणं

आमचे जगूमामा हेडफोन कानाला लावायच्या आधी घरातला फ्रीज बंद करतात. मग पंखा. मग शेजारच्या गिरणीत जाऊन गिरणीवाल्याला सांगतात, "बाबूराव, जरा थांबव. मला ऐकायचंय." बाबूराव थांबवत नाही. मामा रोज सांगतात.

भांडगावात त्यांना सगळे साउंडवाले मामा म्हणतात. दौंड-शिरूर भागातली कितीतरी लग्नं, जत्रा आणि प्रचारसभा त्यांच्या कर्ण्यांनी गाजवल्या. माझ्या लग्नात त्यांनी बॉक्स लावले आणि मांडवामागची म्हैस दावं तोडून पळाली. बायको म्हणते, म्हशीला पुढचं दिसलं असावं.

असा हा माणूस धंदा मुलाच्या, संदीपच्या हवाली करून एक हेडफोन आणि त्याचा काळा डबा घेऊन आला. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर. मोबाईलमध्ये आकड्यांत साठवलेल्या गाण्याचा पुन्हा आवाज करणारा कन्व्हर्टरही त्यातच. किंमत ऐकून संदीप दिवसभर जेवला नाही. मी आणखी एक भाकरी मागितली, दुसरं काही सुचेना म्हणून.

"ह्यात लोहचुंबक न्हाई," मामा हेडफोन दाखवत समजावतात. "केसापरीस पातळ पडदा हाय. ईजेवर तरंगतो."

"म्हंजी डोक्याला करंट लावून घेतलाय," मामी ओरडते. ओरडावंच लागतं. कर्ण्यांशेजारी आयुष्य काढल्यावर मामांचे कान गेलेत.

बहिऱ्यानं हेडफोन घेतला म्हणून पारावर थट्टा झाली. मामांचं उत्तर ठरलेलं. "आवाज मोठा कुणीबी करतं. बारीक करून दाखव."

मागच्या महिन्यात संदीपनं मला शिरूरहून बोलावून घेतलं. दौंडच्या डॉक्टरांनी श्रवणयंत्र दिलं होतं, मामांनी ते कपाटात टाकलं होतं. आता त्या काळ्या डब्याला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि ते संध्याकाळी येणार होतं. मी शिकलेला, म्हणून समजूत घालायची माझ्याकडे. माझ्या घरात माझं कुणी ऐकत नाही, हे मी संदीपला सांगितलं नाही.

"मामा, डॉक्टर म्हणतात तेच घाला कानात. हे विकू या."

"आँ?"

मी पुन्हा सांगितलं, बेंबीच्या देठापासून. गिरणी थांबली. बाबूराव दारात येऊन उभा राहिला.

"न्हाई विकत," मामा शांतपणे म्हणाले. "त्या यंत्रात ती पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यावानी वाटती."

"ती कोण?"

मामांनी बाबूरावाच्या तोंडावर दार लावलं, मोबाईलची वायर डब्याला जोडली आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. मी डोळे मिटले, गाण्यातले जाणकार मिटतात तसे.

गाणं आलंच नाही. मामी आली. अगदी कानाशी, हळू आवाजात.

"मेथी शेळीनं खाल्ली. मी तुमच्यावर वरडले, पर राग शेळीचा व्हता. धाकल्या लेकीचा फोन आलता, बरी हाय ती. दुपारची गोळी घेतली का? घ्या."

दोन शब्दांमधला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी हेडफोन काढला. मामा डब्यावर फडकं मारत बसले होते.

"मोठ्यानं बोलली की भांडल्यावानी वाटती," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "लोकांस्नी वाटतं, कजाग हाय. तशी न्हाई. आवाज बारीक हाय तिचा. मी कवा नीट ऐकलाच न्हाई, बॉक्स चालू असायचं. आता राहिलेलं बी जाणार, डॉक्टर म्हणतोय. तवर ऐकतो की. कुणाच्या बापाला विचारायचं न्हाई."

आणलेलं सगळं शहाणपण गिळून मी पाणी प्यायला मागच्या दारी गेलो. चुलीपाशी मामी पाठमोरी बसली होती, मोबाईल तोंडाजवळ धरून. सकाळपासून संदीपसमोर "विकून टाक ती पीडा" म्हणणारी मामी मामांसाठी मोबाईलमध्ये कुजबुजत आवाज भरत होती.

"भाचं समजूत घालाया आलंय. त्येचं काय मनावर घेऊ नका. गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय म्हणं. तुमी दार उघडू नका. मी बी न्हाई उघडायची."